बायोडेटात छंद म्हणून ‘गेमिंग’ लिहावं का? आणि त्याच्या कडेने आयुष्य बसवावं का?

टिप्परपुत्र

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या डिचोलीचा, वय सत्तावीस. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत पॅकिंग लाइनवर आहे, शिफ्ट ड्यूटी.

माझ्या लग्नाचं बघायला घेतलंय. मावशीने बायोडेटा टाइप करून आणला. त्यात ‘छंद’च्या रकान्यात लिहिलंय: वाचन, प्रवास, नाट्यसंगीत ऐकणे. वाचन मी परीक्षेपुरतं केलं. प्रवास म्हणजे कंपनीची बस, डिचोली ते वेर्णा आणि परत, त्यातही झोपलेलो असतो. नाट्यसंगीत बाबा ऐकतात, मला ते भिंतीपलीकडून ऐकू येतं. मी म्हटलं, सरळ ‘गेमिंग’ लिही. आई म्हणाली, “त्यापरीस ‘जुगार’ लिही, लोकांना कळेल तरी.” तेव्हापासून घरात अबोला नाही, पण जेवण वाढताना भांडी जरा जास्त वाजतात.

आता खरी परिस्थिती. आमचा चौघांचा स्क्वॉड आहे, बीजीएमआय खेळतो, म्हणजे पबजीचा भारतातला अवतार, मोबाईलवरचा गोळीबाराचा खेळ. एक साखळीचा, एक पेडण्याचा, एक कुडाळचा आणि मी. आयजीएल मी. म्हणजे कुठे उतरायचं, गाडी कुठली घ्यायची, झोन कुठे सरकेल, कधी भिडायचं नि कधी गप पडून राहायचं हे मी बोलतो आणि बाकीचे बहुतेक वेळा ऐकतात. मॉर्निंग शिफ्ट असली की रात्री नऊ ते बारा स्क्रिम्स, म्हणजे सरावाच्या मॅच. कॉलेजांच्या फेस्टमध्ये बक्षिसं घेतलीत. चौघांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला इसवणाचं एक बऱ्यापैकी ताट येतं. ऑनलाइन क्वालिफायरमध्ये मात्र सुरुवातीच्या फेऱ्यांतच बाहेर.

गेल्या वर्षी कंपनीत मला लाइन सुपरवायझर करत होते. पगार वाढला असता, पण मग रात्री नऊला घरी असण्याची खात्री नव्हती. मी नको म्हटलं. घरी हे कोणालाच माहीत नाही.

आमच्या घराला एक गोष्ट चांगली समजते, ती म्हणजे दुसऱ्याच्या हातातला स्विच. २०१२ला खाणी बंद झाल्या तेव्हा मी आठवीत होतो. बाबांचा खनिज वाहायचा टिप्पर अंगणात उभा राहिला, त्याच्या चाकांत भोपळ्याचा वेल चढला. मग सुरू, मग २०१८ला परत बंद. माझंही तेच. २ सप्टेंबर २०२०ला पबजीवर बंदी. २०२१च्या जुलैत बीजीएमआय आलं, २०२२च्या जुलैत तेही स्टोअरवरून गायब, २०२३च्या मेमध्ये परत. बाबा एकदाच बोलले यावर: “तुझ्या खाणीचं लीज कोणाकडे आहे, ते तरी ठाऊक आहे काय तुला?” कोरियातल्या कंपनीकडे आहे, असं सांगितलं. ते हसले आणि नाट्यसंगीताचा आवाज वाढवला.

करिअर होईल का, असं मी विचारत नाही. सत्तावीस म्हणजे या खेळात आजोबा. प्रश्न वेगळा आहे. निव्वळ आवडतं म्हणून नोकरी, झोप, लग्न हे सगळं एका खेळाच्या कडेकडेने बसवलं, तर त्यात चूक काय?


शॅकवरचो बसको

‘रणनीती व संघनेतृत्व’ लिही. खोटं नाही आणि ऐकायला आयएएससारखं वाटतं. लग्न झाल्यावर बायको विचारील तेव्हा बघू.


सत्तरीची सून

‘तेव्हा बघू’ कशाला? आधीच सांगा. माझ्या नवऱ्याने बायोडेटात ‘क्रिकेट’ लिहिलं होतं. छान वाटलं, खेळाडू माणूस. लिहिलं नव्हतं ते हे, की पाऊस संपल्यापासून पुढचा पाऊस येईपर्यंत एकही रविवार घरचा नसणार, आणि चतुर्थीला गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान आणायला निघालेला माणूस वाटेत मैदान दिसलं म्हणून दुपारी तीनला परतणार.

मुलीला छंदाचं नाव देऊ नका, वेळापत्रक द्या. रात्री नऊ ते बारा म्हणजे जेवणं आटपणं, भांडी, दुसऱ्या दिवशीचा डबा आणि पुढे पोर झालं तर त्याचं रडणं, सगळं त्याच तीन तासांत येतं. ते ऐकूनही जी ‘चालेल’ म्हणेल तिच्याशी लग्न करा. आणि ती सुपरवायझरची गोष्ट आईला सांगा बघू. मला वाचतानाच पोटात कसंतरी झालं.


सायबरकाका

टिप्परपुत्रा, वयाने मोठा म्हणून अरे-तुरे करतो. फोंड्याला माझं सायबर कॅफे होतं. आता त्याच गाळ्यात झेरॉक्स, लॅमिनेशन, आधारचे नि पॅनचे फॉर्म. तेव्हा सीआरटी मॉनिटरांमुळे फेब्रुवारीतच आत मे महिना असायचा. दिवसा पोरं निकाल बघायला यायची, बायका आखातातल्या नवऱ्यांशी याहू मेसेंजरवर बोलायला यायच्या, हेडफोन लावला की त्यांना वाटायचं आपण हळू बोलतोय. संध्याकाळी सहानंतर सगळी मशिनं एकाच कामाला: काउंटर-स्ट्राइक. तासाला वीस रुपये. मॅप एकच, डस्ट टू. दुसरा लावला तर पोरं पैसे परत मागायची.

माझं रोज सकाळचं काम म्हणजे माऊस उलटा करायचा, पोटातला गोळा काढायचा आणि आतल्या रोलरवरचा मळ नखाने खरवडायचा. कुठल्या मशिनचा माऊस साफ आहे यावरून पोरांची मारामारी. मी काही त्यांचा गुरू नव्हे, मी गल्ल्यावर बसलेला माणूस. पण गल्ल्यावरून फार दिसतं.

त्यांचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण तू जे विचारतोस त्याचं उत्तर लोक आकड्यांत देतील. एकजण माझ्याकडे केबल क्रिम्प करायला शिकला, कारण मशिनं जोडणारी लॅन तुटली की खेळ थांबायचा आणि त्याला थांबायचं नसायचं. तो आज जहाजावर आयटी बघतो, सहा महिने समुद्रात, सहा महिने घरी. एकाने वडिलांचं हार्डवेअरचं दुकान घेतलं. आणि एक होता, त्याचं नाव नको, त्याच्याइतका गुणी मी पाहिला नाही. भिंतीपलीकडे पाय वाजले की हा पडद्यावर काही दिसायच्या आधी नेम धरून तयार. बारावीत राहिला. त्याच्या त्या गुणाला त्या काळी भारतात जायला वाटच नव्हती. २०१८च्या आशियाई स्पर्धेत, जकार्ताला, ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, नुसते प्रदर्शनाला होते, तिथे भुजच्या तीर्थ मेहताने हार्थस्टोन या पत्त्यांच्या गेममध्ये कांस्य मिळवलं. २०२२च्या डिसेंबरात सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. माझ्या पोराला हे सगळं दीड दशक उशिरा. तो टॅक्सी चालवतो. त्याचं वाईट झालं असं मी म्हणणार नाही. त्याचा मुलगा आणि तो अजून रात्री खेळतात, आणि मुलगा हरतो.

आता माझं. मी पेटी वाजवतो. आमच्या गावात जत्रेला नाटक असतं, गावातलीच माणसं करतात. शाळामास्तर, बँकेतला शिपाई, काजूची भट्टी लावणारा, मेकॅनिक. दोन महिने आधी तालीम सुरू. रात्री नऊला जमायचं, बाराला सुटायचं. तुझ्याच वेळा! बायकांची कुरकुर तीच. पैसे मिळायचे सोडा, पदरमोड करायची. हौसेला मोल नाही म्हणतात, पण ड्रेसवाल्याला असतं, पडदेवाल्याला असतं, बाहेरून बोलावलेल्या नटीलाही असतं. आमच्या मास्तरांनी बदली नाकारली होती एकदा, का, तर त्या वर्षी त्यांना औरंगजेब मिळाला होता. कोणी त्यांना विचारलं नाही की औरंगजेब होऊन तुला काय मिळणार. गावाने मान डोलावली. तेव्हा छंदाचा काही उपयोग असावा लागतो, पैसा यावा लागतो, मेंदू तल्लख व्हावा लागतो, हे मला मान्यच नाही. छंदाच्या कडेने आयुष्य बसवणारी माणसं गोव्यात गल्लोगल्ली आहेत. कोण भजनाच्या कडेने बसवतो, कोण फुटबॉलच्या, कोण मासे धरायच्या गरीच्या.

फरक मला एकाच जागी दिसतो. नाटक संपतं. पहाटे चारला पडदा पडतो, आणि उजाडलं की ड्रेसवाल्याचा टेंपो येतो. जिरेटोप, अंगरखे, पुठ्ठ्याच्या ढाली, दाढ्या, सगळं बोचक्यात बांधून नेतो. दुसऱ्या रात्री कोणाला हुरहुर लागली तरी तालमीच्या खोलीला कुलूप. औरंगजेब सकाळी शाळेत हजेरी घेतो. तुझ्या खेळाला टेंपो येत नाही बाबा. सीझन संपला की दुसऱ्या सकाळी नवा, तुझा रँक चार पायऱ्या खाली नेऊन ठेवलेला, चढ परत. माझ्या कॅफेत निदान शटर होतं. रात्री साडेदहाला मी ते अर्धं ओढायचो तेव्हा पोरांना मी यम वाटायचो. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा फुकट झाला, आणि शटर ही वस्तूच खेळातून गेली.

म्हणून तुला विचारतो: सुपरवायझरची जागा सोडलीस ती स्क्वॉडसाठी की रँकसाठी? पुढच्या महिन्यात ठरलेली स्पर्धा असेल आणि तिच्यासाठी तालीम चालली असेल, तर मी तुझ्या बाजूने. रोज नऊला बसायचं कारण रोज नऊला बसतो, असं असेल तर तो छंद तू चालवत नाहीस.

बक्षिसांच्या आकड्यांनी डोळे दिपवून घेऊ नको. २०२१ला डोटा टू या गेमच्या जागतिक स्पर्धेचं बक्षीस चार कोटी डॉलर होतं, त्यातले एक कोटी ऐंशी लाखांच्या वर जिंकणाऱ्या संघाला. पण त्या चार कोटींतला मोठा हिस्सा खेळणाऱ्यांनीच खेळातल्या वस्तू विकत घेऊन भरलेला. म्हणजे वर्गणीच की! आमच्या जत्रेसारखी, फक्त आमच्याकडे वर्गणीदाराला नाटक फुकट बघायला मिळतं आणि प्रसाद येतो.

आणि आईला एवढं सांग: २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा केला, त्यात पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद आणि ई-स्पोर्ट्स वेगळे काढून त्यांना प्रोत्साहन. जुगार आणि गेमिंग आता कायद्यानेच सवतेसुभे. (मोबाईलवरची रमी गेली, मांडवीतली कॅसिनोची जहाजं तेवढी झगमगतायत. त्यावर बोललो तर हा धागा भलतीकडे जाईल.)


म्हापशाची नर्स

थोडक्यात लिहिते, ड्यूटीवर निघालेय. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, आयसीडी-११मध्ये, ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. ही यादी जानेवारी २०२२पासून लागू. आठवड्याला अमुक तास खेळला म्हणजे आजार, असं त्यात कुठेच नाही. बघतात ते तीन गोष्टी: सुरुवात, वेळ, थांबणं यावर ताबा सुटलाय का, बाकी सगळ्याच्या आधी खेळच येतो का, आणि नुकसान दिसत असूनही चालूच राहतो का. तेही साधारण बारा महिने टिकलेलं आणि घर, काम, शिक्षण यांवर ठळक परिणाम झालेला. तुम्ही प्रश्न विचारताय, नोकरीला जाताय, सुट्टीत बाहेर पडत असाल, तर एवढ्यावरून तुम्हाला कोणी आजारी म्हणणार नाही. पण घरी सांगितलेलं नाही, ते वाक्य मी दोनदा वाचलं. लपवणं सुरू झालं की आम्ही जरा कान टवकारतो.


मडगांवची_पुण्यात

मी मूळ मडगावची, पुण्यात एका गेम स्टुडिओत थ्री-डी आर्टिस्ट. टिप्परपुत्र, सायबरकाकांनी जे टेंपोचं लिहिलं ते स्वयंपाकघराच्या आतल्या बाजूने सांगते.

फुकट मोबाईल गेमच्या धंद्यात सकाळच्या मीटिंगला पहिला आकडा येतो तो रिटेन्शनचा: डे वन, डे सेव्हन, डे थर्टी. आज ज्यांनी गेम उतरवून घेतला त्यांतले उद्या किती आले, आठवड्याने किती, महिन्याने किती. डेली मिशन, सात दिवस सलग लॉगिन केलं तर मिळणारी पेटी, ‘फक्त ३६ तास’ असं घड्याळ लावलेला इव्हेंट, बॅटल पास, हे सगळं त्या तीन आकड्यांसाठी. बॅटल पास तर मला कौतुक करावं इतका चतुर वाटतो: आधी पैसे तुम्ही भरायचे आणि मग ते वाया जाऊ नयेत म्हणून रोज कामाला यायचं. टेंपो येत नाही असं नाही, काका. टेंपो येऊ नये यासाठी पगारी माणसं बसवलेली असतात, आणि त्यांतल्या काहींबरोबर मी दुपारी जेवते. वाईट माणसं नाहीत. त्यांचेही हप्ते आहेत.

मी स्वतः आता फक्त संपणारे गेम खेळते. पुण्याच्याच नॉडिंग हेड्सनी २०२०मध्ये ‘राजी’ काढला, तो काही रात्रींत संपतो, आणि संपल्यावर मी खिडकीशी उभी राहून चहा प्यायले होते, इतकं भरल्यासारखं वाटलं. एरिक बॅरोन नावाच्या एका अमेरिकन माणसाने ‘स्टारड्यू व्हॅली’ एकट्याने केला, चित्रं, संगीत, कोड, सगळं, चारेक वर्षं बसून. २०१६ला तो बाहेर आला. ज्याने खरोखर गेमिंगच्या कडेने आयुष्य बसवलं असा माणूस मला विचाराल तर तो. खेळून नव्हे, करून.

पण ‘मग तूही गेम बनव’ असा सल्ला देणार नाही, तो फार देतात. छंदाची नोकरी झाली की काय होतं ते बघतेय. एका किल्ल्याची तटबंदी करायला दिली होती, सगळे संदर्भ-फोटो काळ्या दगडाचे. मी चिऱ्याची केली, तांबडी, पावसाने शेवाळ धरलेली. लीडने विचारलं, ही भिंत आजारी आहे का? शेवटी काळी झाली. घरी आल्यावर गेम उघडला की मला आता खेळ दिसत नाही, टेक्श्चरचे जोड दिसतात.

काकांशी एका बाबतीत भांडण आहे. ज्याला शेवट नाही तो खेळ माणसाला खातो, असं सरसकट नाही. नॉर्वेचा मॅट्स स्टीन हा मुलगा स्नायू झिजत जाण्याच्या आजाराने चाकाच्या खुर्चीत होता. आयुष्यातली शेवटची वर्षं त्याने बहुतेक ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन गेममध्ये काढली. २०१४मध्ये, पंचविसाव्या वर्षी तो गेला. आईवडिलांना वाटत होतं पोरगं एकटं जगलं. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी टाकली आणि युरोपभरातून लोकांची पत्रं यायला लागली, काही तर अंत्यविधीला ओस्लोत हजर. त्याचा खेळ कुठे संपत होता? आणि तो संपला नाही म्हणूनच माणसं जमली.

उलट बाजूही सांगते. फ्रान्सच्या युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ला बंद केले. पैसे मोजून घेतलेला गेम, दुसऱ्या दिवशी उघडेना. त्यावरून युरोपात चळवळ उभी राहिली, २०२५च्या जुलैत त्यांच्या मागणीवर दहा लाखांवर सह्या झाल्या. तुमच्या बाबांचा लीजचा प्रश्न तोच आहे, आणि तो कोरियापुरता नाही.

जाता जाता: सत्तावीस म्हणजे आजोबा नव्हे. लीग ऑफ लेजंड्स या गेममधला फेकर २०२५च्या नोव्हेंबरात सहाव्यांदा जगज्जेता झाला, एकोणतिसाव्या वर्षी. आणि तुमच्या बायोडेटाची मुलगी कदाचित स्वतः खेळत असेल, हे इथे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आम्ही बऱ्याच जणी आहोत, फक्त माईक बंद ठेवतो. का ते मॅचआधी सगळे जमतात त्या तुमच्या लॉबीत एक संध्याकाळ मुलीचा आवाज लावून बसा, कळेल.


टिप्परपुत्र

सगळ्यांचे आभार. मावशीने आता ‘छंद’ हा रकानाच काढून टाकलाय आणि ‘अपेक्षा’ मोठी केलीय, तेव्हा तो विषय मिटला.

सायबरकाका, स्क्वॉडसाठी की रँकसाठी, हे आज बसमध्ये डोक्यात होतं. खरं म्हणजे रात्री नऊला रँक आठवत नाही. कुडाळवाला माईक लावून “काय रे पोरांनो, जेवलात?” म्हणतो तेव्हा बरं वाटतं. चौघं समोरासमोर फार कमी भेटलोय. पण साडेदहानंतर कोणी बोलत नाही, नुसते मरतो नि परत लॉबीत जातो. तो भाग कशासाठी चालतो, माहीत नाही.

मडगांवच्या ताई, लॉबीबद्दल बोललात ते खरं आहे. आमच्याकडे एक मुलगी काही दिवस खेळली. तिचा नेम साखळीवाल्यापेक्षा सरस होता. मग येईनाशी झाली.


काळा उंट

मी पोरांना बुद्धिबळ शिकवतो, पर्वरीला. सायबरकाकांचा टेंपो मनात राहील, पण मुद्दा अर्धाच पटला. बुद्धिबळाला कुठे शेवट आहे? एक डाव संपला की दुसरा मांडायचा. रात्री दोनला मोबाईलवर “अजून एक बुलेट, एक मिनिटाची, मग झोपतो” म्हणणारे माझेच विद्यार्थी आहेत, आणि त्यांच्या आया मला फोन करून सांगतात, सर, निदान गेम तरी खेळत नाही तो.

२०२५च्या नोव्हेंबरात बुद्धिबळाचा फिडे विश्वचषक आपल्या गोव्यात झाला. दोनशे सहा खेळाडू, जिंकला उझबेकिस्तानचा सिंदारोव, वय एकोणीस. पालकांची माझ्याकडे रीघ लागली. आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात रियाधला ई-स्पोर्ट्सच्या विश्वचषकात बुद्धिबळ हा एक खेळ होता, तो नॉर्वेच्या मॅग्नस कार्लसनने जिंकला, खुर्चीत हेडफोन घालून, पडद्यासमोर. म्हणजे जो छंद बायोडेटात लिहिला की मुलीकडचे खूश होतात, तोच टिप्परपुत्राच्या मांडवात जाऊन बसलाय. सभ्य खेळ नि वाया घालवणारा खेळ ही वाटणी आपली आपण केलेली आहे.

आयुष्य कडेने बसवण्याचं म्हणाल तर आपल्या गोव्याच्या बुद्धिबळपटू लिऑन मेंडोन्साच्या घराने ते केलंच की. २०२०ला कोविडमध्ये वडील नि मुलगा हंगेरीत अडकले, परत येता येईना, तर तिथेच स्पर्धामागून स्पर्धा खेळत राहिले, आणि चौदाव्या वर्षी ग्रँडमास्टर होऊन आला. आपण टाळ्या वाजवल्या, योग्यच. पण तसं करूनही ज्यांचं काही झालं नाही अशी घरं मी ओळखतो, आणि त्यांच्याकडे कोणी हार घेऊन जात नाही.

मी पोरात एकच बघतो. हरल्यावर डाव परत मांडतो का? मांडला तर ते पोर खेळतंय. न मांडता ‘न्यू गेम’चं बटण दाबलं तर बटण पोराला खेळवतंय. टिप्परपुत्रा, तुम्ही हरलेल्या मॅचची रेकॉर्डिंग बघता का?


सायबरकाका

उंटसाहेब, बुद्धिबळाला शेवट नसेल, पण घड्याळ तुमच्या पटाच्या शेजारी ठेवलेलं असतं आणि ते दोघांनाही दिसतं. आमच्या पोराचं घड्याळ कंपनीच्या ऑफिसात आहे.

मडगांवच्या बाय, त्या नॉर्वेच्या मुलाचं वाचून गल्ल्यावर बसल्या बसल्या चष्मा पुसला. तुझं बरोबर आहे. पण त्या मुलाकडे दुसरं दार नव्हतं गो. याच्याकडे आहे, म्हणून मी शटरवर अडून बसलोय. आणि ती चिऱ्याची भिंत कुठे ठेवलेली असली तर पाठव, मी झेरॉक्सच्या दुकानात लावतो.


टिप्परपुत्र

काळा उंट सर, रेकॉर्डिंग बघतो, रविवारी, पण फक्त जिंकलेल्या. हे लिहिताना कुडाळवाल्याला विचारलं, तो म्हणतो हरलेल्या सेव्हच करत नाही.

कालच्या जेवणात सुपरवायझरचं घरी सांगितलं. आई काही बोलली नाही, उठून ताक आणायला गेली. बाबांनी विचारलं, जागा भरली काय? भरलीय. पण जूनमध्ये दुसरी लाइन सुरू होतेय, तिथे लागेल माणूस. अर्ज करणार आहे.

स्क्वॉडला सांगितलं: यापुढे मंगळवार आणि गुरुवार, साडेदहाला लॉगआउट. क्वालिफायर असला तर त्याच्या आधीचा आठवडा रोज, मग पंधरा दिवस ॲप फोनवरून काढून टाकायचं. पेडणेवाला लगेच हो म्हणाला, त्याची बायको बाळंतीण आहे, तो बिचारा कधीपासून कोणी तरी बोलायची वाट बघत होता. कुडाळवाला म्हणाला, बघू. साखळीवाल्याला पटलं नाही. रोज खेळणारा स्क्वॉड मिळाला त्याला, रात्रीच ग्रुप सोडून गेला. त्याचंही काही चुकलं असं वाटत नाही, एकवीस वर्षांचा आहे.

तर चौथा माणूस हवाय. सपोर्ट खेळणारा, पिंग साठच्या आत, मंगळवार-गुरुवार मोकळा. मुलगी असली तरी स्वागत, लॉबीत कोणी काही बोललं तर मॅच तिथेच सोडायची असं तिघांनी ठरवलंय. हरलेल्या मॅच बघायची तयारी असावी.


सत्तरीची सून

नवरा विचारतोय, गुरुवारी मोकळा आहे, पण पिंग म्हणजे काय?